सरासरी वेग

"पन्नासच येणार. पूस ते."

अकादमीचे मालक वर्गाच्या दारात उभे होते. लोणंदला पोलीस भरतीची तयारी करून घेणारी ही अकादमी त्यांची. मी तिथं गणित शिकवायची. फळ्यापाशी पूजा होती. आमच्याच समाजाची.

गाडी जाताना ताशी चाळीस किलोमीटर, येताना साठ. सरासरी वेग किती? पूजानं एकशेवीस किलोमीटर अंतर धरलं. जायला तीन तास, यायला दोन. दोनशेचाळीस भागिले पाच. अठ्ठेचाळीस.

बरोबर होतं.

"चाळीस आन् साठ, मधलं पन्नास. एवढं कळंना व्हय?"

"न्हाई सर, हळू जाताना जास्त वेळ लागतो, म्हणून..."

"मला शिकवतीस? तुमाला तर कमी मार्कांवर बी घेत्यात. कशाला डोकं शिणवतीस?"

पोरं हसली. मालकांनी माझ्याकडं बघितलं. "काय मॅडम?"

"होय सर. पन्नास."

आणि डस्टर घेऊन तिचं उत्तर मीच पुसलं. माझ्या हातानं.

मालकांना माझी जात माहीत नव्हती. पाटणला शाळेत असताना बाई माझी वही दोन बोटांत धरून परत द्यायच्या. तेव्हापासून मी आडनाव सांगायचंच टाळत आले. वाटलं, सुटले. कसली सुटले? पूजाला मारलेला शब्द मलाच लागला होता आणि मी मान डोलावत होते.

पूजा यायची थांबली. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती धुणं वाळत घालत होती. आत या म्हणाली नाही.

"तुमाला उत्तर ठावं हुतं न्हवं, मॅडम?"

"होय."

"तुमी बी आमच्यातल्याच. आईचं म्हायेर पाटणचं, तिनं वळखलं तुमाला. मालकाचं मला काय न्हाई वाटलं. तुमचं लय वाटलं."

मी अंगणातूनच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मालकांना बोलावून घेतलं. तेच उदाहरण फळ्यावर सोडवलं. मी म्हणाले, "पूजाचं उत्तर बरोबर होतं. मला माहीत होतं. मी भ्याले आणि खोटं बोलले. सर तिला जे बोलले ते मलाही बोलले. मी बौद्ध आहे."

कुणी हसलं नाही.

"उद्यापासनं येऊ नगा," मालक म्हणाले.

"नाही येत. तिची माफी मागा. इथंच, पोरांसमोर."

ते निघून गेले.

पूजानं पोलिसांत तक्रार दिली. वर्गातलं एकही पोरगं साक्षीला तयार नाही. गावातली दोन मोठी माणसं मला भेटून गेली. "मिटवून टाका, मॅडम. दुसरी नोकरी बघून देतो." पूजा अजून माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं, असं मी म्हणणारही नाही.

साक्ष मी देणार आहे. मालक काय बोलले ते शब्दाला शब्द सांगीन. आणि तेव्हा मी काय केलं, तेही सांगीन. विचारलं नाही तरी.