मिठाची रांगोळी

माझं बूड एका जागी टेकत नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक. म्हणून लंडनमधल्या हॅरोहून निघतानाच तिने बजावलं होतं, "आई, प्लीज, परफॉर्मन्स चालू असताना तू फक्त बघायचं. मला करेक्ट नाही करायचं. मी एक शब्द बोलणार नाहीये, आणि मध्ये बोलले तर सगळं स्पॉइल."

वेल्समधल्या त्या समुद्रकाठच्या गावात आम्ही तिघं दर उन्हाळ्यात जायचो. बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार आहे, तिथे बसून तिचे बाबा चिप्स खायचे आणि सीगलशी भांडायचे. ते गेल्यावर हिने ठरवलं, ओहोटीला त्या उतारावर त्यांच्यासाठी मिठाची रांगोळी काढायची आणि भरती आली की समुद्राला नेऊ द्यायची. याला म्हणे कला म्हणतात, आणि तिला कौन्सिलची परमिशन लागते.

खुर्चीवर बसले खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ठिपके वाकडे, रेघ कुठे जाड तर कुठे बारीक, वर वारा. शेजारच्या गोऱ्या आजींनी थर्मासमधला चहा दिला, तोही मी उभ्यानेच प्यायले. पाणी वर चढत होतं. आटप की गं बाई, असं माझं मनातल्या मनात चाललेलं.

रांगोळी झाली. लेक उठली, सरळ माझ्यापुढे आली आणि एक डबी पुढे केली. हळदीकुंकवाची. माझीच, हे गेल्यावर मी किचनच्या कपाटात पार मागे ढकललेली.

माझं डोकंच फिरलं. हळदीकुंकू वाहिल्याशिवाय रांगोळी पुरी होत नाही, हे तिला मीच शिकवलेलं. विधवेने ते वाहायचं नसतं, हे कधी शिकवलंच नाही. मला तरी कोणी सांगितलं होतं? आईचं बघितलं होतं, म्हणून आपणहूनच बंद केलं.

मी नाही म्हणून मान हलवली. ती जागची हलेना. बघायला जमलेली माणसं आमच्याकडेच बघत होती. तेवढ्यात एक लाट खालच्या ठिपक्यांवरून फिरली. मी हात लावला नाही, तर बाबांसाठी काढलेलं ते सगळं अर्धवटच वाहून जाणार होतं. तिची हनुवटी थरथरायला लागली, लहानपणी रडू आवरताना थरथरायची तशी.

"आण इकडे," म्हटलं. बूट काढले. पाणी कसलं गार! रांगोळीच्या मधोमध हळद वाहिली, मग कुंकू, आणि सवयीने तिच्याही कपाळाला बोट टेकवलं. पुढच्या लाटेने रांगोळी नेली.

वाटलं, सुटले एकदाची. तर लेकीने डबीत बोट बुडवलं. एकीने लावलं की दुसरीने उलट लावायचं, हेही माझंच शिकवणं. मी मागे सरायला हवं होतं. सरले नाही.

परतताना मोटरवेवर सर्व्हिसेसला थांबलो. टॉयलेटच्या आरशात स्वतःला पाहिलं. खाऱ्या वाऱ्याने तोंडावर मिठाचा थर बसला होता. तोंड धुतलं, कपाळ सोडून.