ओल्या लाकडाचा आवाज

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ‘अगं, ते आपोआपच झालं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, कारण सापडलेलं नसतं एवढंच. अशा डोक्याची मी, भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. इथले अनुभव मी वाचायचे ते लंच ब्रेकमध्ये, करमणूक म्हणून. त्यामुळे आता माझं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आम्ही रेडमंडला राहतो. मी, नवरा निखिल आणि मुलगी अन्वी, हे घडलं तेव्हा ती नववीत होती. घर जुनं आहे, सत्तरच्या दशकातलं, त्यामुळे हॉलमध्ये विटांची मोठी फायरप्लेस. पहिल्या हिवाळ्यात हौसेने पेटवली आणि घर गरम व्हायचं सोडून उलट गारठलं. तेव्हा अरविंदकाका म्हणाले, “उघड्यावर जाळशील तर घरातली सगळी ऊब धुराड्यातून वर जाईल ना बाप्पा! इन्सर्ट बसव.”

इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवायची लोखंडी बंद शेगडी. समोर काचेचं दार, आणि वर चिमणीच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप.

अरविंदकाका आणि कुमुदमावशी आमचे नात्यातले कुणी नाहीत. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मग सुटलीच नाही. काका नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. मावशी लहान मुलांच्या डॉक्टर, त्याही रिटायर्ड. दोघं तरुणपणीच इकडे आलेले. त्यांचा मुलगा सलील टेक्सासला, फ्रिस्कोत. आमची आईवडील-मंडळी भारतात. म्हणजे इथे दोघांनाही माणसं हवी होती, आम्हालाही. अन्वीच्या प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत हे दोघं.

इन्सर्ट बसवला त्या दिवशी काका सकाळपासून आमच्याकडे होते. पाइप नीट जोडलाय की नाही यावरून त्या बसवणाऱ्या माणसाशी त्यांनी इतका वाद घातला की शेवटी तो हसायला लागला. मग त्यांनी मला शिकवलं. दार एकदम उघडायचं नाही. आधी खिट्टी सोडायची, दार बोटभर उघडायचं आणि थांबायचं. धूर वर गेला की मगच पूर्ण उघडायचं. जाळ रात्रभर पुरावा म्हणून हवा कोंडायची नाही, कारण लाकूड धुमसलं की चिमणीत आतून डांबरासारखी काजळी धरते आणि ती काजळी एखाद दिवशी पेट घेते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. दरवर्षी चिमणी साफ करून घ्यायची. आणि लाकूड सुकलेलंच हवं.

लाकूड सुकलंय की नाही ते ओळखायची त्यांची पद्धत होती. दोन ओंडके हातात घ्यायचे आणि एकमेकांवर आपटायचे. “ऐक. सुकलेलं लाकूड टण्ण बोलते. ओलं लाकूड धप्प बोलते. हा आवाज आला की ते आत घालायचं नाही, कळलं?” मीटर मिळतो हो काका, निखिल म्हणायचा. “मीटरची बॅटरी जाते, कानाची जात नाही,” काका म्हणायचे. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी हॉलमध्ये जाऊन दोन ओंडके वाजवून बघायचे. त्याशिवाय बूट काढायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात काका गेले. आधीचा सगळा हिवाळा आजारपणातच गेला होता.

त्या ऑक्टोबरमध्ये आमची चिमणी साफ करायला माणूस येणार होता. मी मावशींना म्हणाले, “तुमच्याकडेही पाठवू का त्याला?” त्यांच्याकडेही तसाच इन्सर्ट होता.

“कशाला गं? मी नाही पेटवणार. तो त्याचा खेळ होता. मी आपली हीटर लावते.”

मी बरं म्हणाले. त्यांच्या अंगणात लाकडं रचलेली होती, त्यांच्यावरची ताडपत्री फाटून लोंबत होती. तीही मला दिसली होती. पण पेटवायचंच नाही तर लाकडं भिजली काय आणि सुकली काय... असं वाटलं.

नोव्हेंबरात वादळ आलं. आमच्याकडे वारा सुटला की उंच फरची झाडं कोसळतात आणि तारा घेऊन पडतात. सगळ्या भागाची वीज गेली. मोबाइल नेटवर्क यायचं, जायचं. आमचं ठीक चाललं होतं, इन्सर्ट होता. मावशींचं घर गावाबाहेर, झाडांच्या दाटीत. मी आदल्या दिवशीच त्यांना आमच्याकडे या म्हटलं होतं. सकाळी त्यांचा मेसेज आला : मी ठीक आहे, भरपूर रजया आहेत. रस्त्यावर झाड पडलंय, मोकळा झाला की येते. मी निश्चिंत झाले.

दुपारी निखिल फोन चार्ज करायला गाडी घेऊन बाहेर गेला होता. अन्वी वर तिच्या खोलीत. मी मागच्या पॅटिओवर कॅम्पिंगच्या गॅसवर खिचडी टाकली होती. घरात नको, विषारी वायू साठतो, हीही काकांचीच ताकीद. पाऊस, वारा, आणि तेवढ्यात घरातून आवाज आला.

धप्प.

थोडं थांबून पुन्हा, धप्प.

दोन ओंडके एकमेकांवर आपटल्याचा. मला वाटलं, अन्वी शेगडीत लाकूड घालतेय. हाक मारत आत आले. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

शेगडीचं दार बोटभर उघडं होतं. खिट्टी सोडलेली. सताड उघडं नाही, नुसतं टेकलेलंही नाही... बोटभर. आणि हॉलमध्ये ओलं लाकूड जळल्याचा आंबूस, कडवट वास. आमचा जाळ तर स्वच्छ पेटला होता. काचेवर डागसुद्धा नव्हता.

“अन्वी! शेगडी उघडलीस का तू?”

“नो! आय अ‍ॅम अंडर थ्री ब्लँकेट्स!” वरून आवाज आला.

मी दार लावलं. खिट्टी घट्ट बसवली, ओढून पाहिली. मला भीती वाटली ती भुताची नव्हे, कार्बन मोनॉक्साइडची. त्याने माणसाला भास होतात हे काकांनीच सांगितलेलं. अलार्मचं बटण दाबून पाहिलं, तो व्यवस्थित किंचाळला. खिडक्या उघडल्या. बाहेर जाऊन चिमणीकडे पाहिलं, धूर जेमतेम दिसत होता. आत आले तर अन्वी जिन्यावर उभी.

आणि तेव्हा परत वाजलं. आम्हा दोघींसमोर. धप्प. शेगडीच्या बाजूला लाकडांची टोपली आहे, तिथून. टोपलीतलं एकही लाकूड हललं नाही.

अन्वी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “आई, दॅट साउंडेड लाइक आजोबा.” ती काकांना आजोबा म्हणायची.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? मी माझी लाकडं तपासली. सगळी. टोपलीतली, मग गॅरेजमधली. एकेक जोडी घेऊन वाजवत बसले. काका सांगतायत ना की लाकूड ओलं आहे, मग शोधून काढते, अशा हट्टाने. प्रत्येक जोडी टण्ण. एकही ओलं निघालं नाही. मग खिचडी करपली होती ती खरवडली. दुपार अशी गेली.

निखिल आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, लोखंड तापलं की आवाज करतंच. आणि वाऱ्याच्या झोताने दार ढकललं गेलं असेल. आपल्याकडे ओलं लाकूड आहेच कुठे?”

अन्वी जिन्यावरच बसून होती. ती म्हणाली, “देन हू हॅज वेट वुड?”

मंडळी, ती ताडपत्री माझ्या डोळ्यांसमोर आली. ओलं लाकूड कुणाकडे आहे ते मला ठाऊक होतं. मी फोन लावला, लागला नाही. शेगडीची हवा कमी केली, अन्वीला गाडीत घातलं आणि निघालो.

बंद रस्ते चुकवत पोचायला बराच वेळ लागला. झाड पडलेलं होतं तिथे गाडी सोडून चालत गेलो. वळणावरूनच लाल दिवे दिसले. फायरवाले आमच्या आधी पलीकडच्या रस्त्याने पोचले होते. घराचं छप्पर मधोमध खचलं होतं आणि चिमणी तेवढी उभी होती. मावशी शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेमध्ये, अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात बसलेल्या. तोंडावर ऑक्सिजन, अंगात काकांचं जॅकेट, पायात काही नाही.

झालं ते असं. थंडी सोसेना म्हणून दुपारी त्यांनी शेगडी पेटवली. लाकूड भिजलेलं, नुसतं धुमसत राहिलं. बराच वेळ वाट पाहिली आणि मग कंटाळून त्यांनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठ्याची खोकी आत कोंबली. एकदम जाळ झाला आणि चिमणीत साठलेल्या काजळीने पेट घेतला. काकांच्या आजारपणात ती साफ झालीच नव्हती. विमान उडावं तसा आवाज येत होता म्हणे. शेजाऱ्याला चिमणीतून ज्वाळा दिसल्या, त्याने दार फोडून त्यांना बाहेर काढलं. ज्वाळा दिसल्या तेव्हा आम्हाला निघून थोडाच वेळ झाला असावा. म्हणजे आमच्याकडे पहिल्यांदा आवाज आला तेव्हा घर शाबूत होतं. मावशी ओल्या लाकडांसमोर बसून वाट पाहत होत्या. तेव्हाच निघाले असते तर... हे ‘तर’ मी रोज म्हणते.

मावशी वाचल्या. छातीत धूर गेला होता, थोडे दिवस हॉस्पिटलमध्ये राहिल्या. घर गेलं. काकांचे कपडे, त्यांची हत्यारं, दोघांचे फोटो, सगळं. सलील येऊन फ्रिस्कोला न्यायची तयारी करेपर्यंत त्या आमच्याकडे होत्या.

आणि तिथेच मी त्यांना सांगितलं.

मला वाटलं, त्यांना धीर येईल. सकाळी चहा घेत होतो. मी म्हणाले, “मावशी, त्या दिवशी काका आले होते.” आणि सगळं सांगितलं. आवाज, दार, वास. त्या पूर्ण ऐकत राहिल्या. कप खाली ठेवला.

“तुझ्याकडे आला?”

“हो... म्हणजे तुमच्यासाठीच आले असणार. मला सांगायला.”

“मी तिथेच होते गं. शेगडीसमोर, त्याच्याच खुर्चीत. त्याचं जॅकेट घालून. मोठ्याने म्हणत होते, अरविंद, हे पेटत का नाही सांग ना. काडी वाजली नाही माझ्याकडे.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “घर माझं जळणार होतं, आणि तो तुझ्या घरची लाकडं तपासत होता.”

“मावशी, तसं नाही...”

“मग कसं?”

त्या उठून खोलीत गेल्या आणि जेवायलाच बाहेर आल्या. वागण्यात काही कडवटपणा आला नाही हो, तशी बाई नाहीच ती. अन्वीच्या वेण्या घालून देत होत्या, मला भाजी निवडून देत होत्या. पण हॉलमध्ये शेगडीपाशी बसायच्या त्या बंद झाल्या. थंडीत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायच्या.

निखिल म्हणतो तसं लोखंड वाजलं असेल. खिट्टी मी त्यानंतर तपासून घेतली. इन्सर्ट बसवणारा माणूस म्हणाला, उत्तम आहे, आपोआप सुटणार नाही. लोखंड तापल्यावर कसं वाजतं तेही मी मुद्दाम बसून ऐकलंय. टिक, टिक असा बारीक आवाज असतो तो. वासाचं तर कुणाकडेच उत्तर नाही. पण धरा, ते काकाच होते. मग ते आमच्याकडे का आले? ज्या बाईबरोबर चाळीसहून जास्त वर्षं काढली ती एकटी बसलेली असताना? मी ऐकेन आणि त्या ऐकणार नाहीत, असं त्यांना वाटलं असेल का? मीही कुठे नीट ऐकलं?

पुढच्या स्प्रिंग ब्रेकला आम्ही फ्रिस्कोला गेलो. सलीलचं घर नवंकोरं आहे, रिमोटने पेटणारी गॅसची फायरप्लेस, धूर नाही, राख नाही. मावशी बऱ्या दिसल्या. अन्वीला जवळ घेतलं, आम्हाला पुरणपोळी खिलवली. त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. बाकीचे बॅगा ठेवत होते. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

“ऐक. तो परत आला ना तुझ्याकडे, तर त्याला इथला पत्ता सांग. ते घर तर राहिलं नाही, कुठे शोधत बसेल.”

“सांगेन, मावशी,” मी म्हणाले. आणखी काय म्हणणार होते?

त्यानंतर आणखी एक हिवाळा येऊन गेला. शेगडी रोज पेटत होती. मी एकटी असले की टीव्ही बंद करून बसायचे. काही वाजलं नाही. त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मावशींचा रविवारी फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ‘काही वाजलं का गं?’ असं विचारतात, मी नाही म्हणते, आणि मग ‘ठेवते गं’ म्हणतात.