इस्माईलभाईंचं खोबर

फोन सकाळी सव्वासातला आला. इस्माईलभाईंचा नंबर दिसला म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "काय, आज बोंबील मिळाले की नाही?" पलीकडे त्यांची मुलगी नसरीन होती. ती म्हणाली, "सदाकाका, अब्बा गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच विचारलं. आदल्याच संध्याकाळी आम्ही अर्धा तास बोललो होतो. खाडीवरच्या नव्या धक्क्याचं काम कसं वाईट चाललंय, सिमेंट कसं कमी घालतायत, यावर त्यांनी शिव्यांसकट भाषण केलं होतं. तो आवाज अजून माझ्या कानात ताजा होता आणि ही मुलगी म्हणत होती की पहाटे नमाजला उठले, वजू करायला, हातपाय धुवायला बसले आणि तिथेच कलंडले. मी "बरं, बरं" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "इस्माईलभाईंना बरं नाहीये." गेले हा शब्द तोंडातून येईना. चिपळूणहून त्यांच्याकडे जायला दापोलीच्या गाडीत बसल्यावर कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मला कुठे उतरायचं तेही सांगता येत नव्हतं.

आज दीड महिना झाला. माझ्या डोक्यातला हादरा ओसरलेला नाही. पण तो केवळ त्यांच्या जाण्याचा नाही. ते पुढे सांगतो.

इस्माईलभाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. सौदीत पाइप वेल्डर होते, मी त्याच कंपनीत नवखा इलेक्ट्रिशियन. त्याआधी ते जहाजावर होते. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी हाँगकाँगला अडकलं आणि तिथून हे महाशय मकाव बघायला गेले. सगळं शहर जुगाराचं. खिशात जेमतेम परतीच्या बोटीचं भाडं. "मग काय केलंत?" असं मी विचारलं तर म्हणाले, "काय करणार? कॅसिनोच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. पत्ते वाटणारी पोरं-पोरी सकाळी कामावरून सुटली, त्यांच्या मागोमाग गेलो. जिथं ती जेवली तिथं मी जेवलो, जिथं वाऱ्याला बसली तिथं मी बसलो. तीन दिवस राजासारखा राहिलो." पुढच्या दारातून आत गेलेले त्यांचे दोन सोबती मात्र घड्याळंसुद्धा हरून परतले. इस्माईलभाईंचं सगळं शहाणपण या मागच्या दारात होतं. कुठल्याही गावात गेलं की तिथली कामाची माणसं कुठे जातात ते बघायचं आणि त्यांच्यामागे जायचं.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी. कुवेतवरून युद्ध तोंडावर आलं तशी आमच्या साइटवरचे गोरे साहेब निघून गेले, कॅम्पला कुलूप लागलं आणि आम्हा उरलेल्यांना खोबर नावाच्या समुद्राकाठच्या गावात एका जुन्या इमारतीत आणून ठेवलं. "नाव खोबर आणि गावात नारळ एक नाही," हा इस्माईलभाईंचा पहिल्याच दिवशीचा विनोद. वरच्या मजल्यावर एका खोलीत आम्ही तिघं. इस्माईलभाई, मी आणि केरळातल्या कोल्लमकडचा मॅथ्यू नावाचा सुतार. मॅथ्यू मितभाषी माणूस. उशाशी बायको आणि तीन वर्षांच्या मुलाचा फोटो, आणि आमच्या दोघांच्या वादात कधीच न पडण्याचा नेम. आमचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात होतो त्या मालकाकडे. त्याचा माणूस बाहेर जाण्याचा शिक्का मारून पासपोर्ट आणून देणार होता. कधी, ते ठरलेलं नाही. कुठल्याही संध्याकाळी येईल, खोलीवर कोणी नसेल तर परत जाईल, एवढाच निरोप. म्हणून आम्ही नंबर लावले. रोज संध्याकाळी एकानं खोलीवर थांबायचं, दोघांनी बाहेर जायला हरकत नाही.

मी कुठे जाणार होतो? खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल, हल्ल्याचा भोंगा वाजला की पलंगाखाली. विषारी वायूच्या भीतीनं मी पाणीसुद्धा हुंगून पीत होतो. बाहेर ते गाव मात्र जत्रेसारखं फुललं होतं. समुद्राकाठच्या हॉटेलांत परदेशी पत्रकार, लष्करातले अधिकारी, रात्रंदिवस दिवे, पाण्याच्या बाटलीचेसुद्धा भाव आभाळाला टेकलेले. इस्माईलभाई पहिल्या दिवशी चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हे पण मकावच रे. फक्त इथं डाव वर आभाळात लागतो." आणि मग माझा हात धरून उठवलं. "चल. मरायचंच असलं तर उपाशी कशाला मरायचं?"

त्यांनी मला दाखवलेलं खोबर त्या हॉटेलांतल्या कुणाला दिसलं नसेल. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर एका बोळातली भट्टी पेटायची. सायकलच्या चाकाएवढी गरम रोटी आणि बरोबर फूल, म्हणजे मोठ्या पावट्याची गरगटलेली उसळ, वरून तेलाची धार. टॅक्सीवाले, बंदरावरचे हमाल, एखादा म्हातारा पोलीस, सगळे एका परातीभोवती. तिथे युद्धाबद्दल कोणी बोलत नसे. मग आम्ही मासळीच्या धक्क्यावर जायचो. समुद्रात तेल पसरत येतंय अशी हाकाटी होती, होड्या बांधून ठेवलेल्या. तिथे अबू सालेह नावाचा वयस्क मच्छीमार जाळं दुरुस्त करत बसलेला असे. इस्माईलभाई एक दिवस काही न बोलता त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. खाडीकाठी वाढलेला माणूस, बोटं आपोआप चालू लागली. म्हाताऱ्यानं त्यांची गाठ बघितली, आपली बघितली आणि मोठ्यानं हसला. दोन्ही गाठी एकच होत्या. त्या दिवसापासून आम्हाला तिथे चहा होता, खजूर होते आणि भोंगा वाजला की अबू सालेहच्या घराचं दार उघडं होतं. माझं हसू परत आलं ते त्या धक्क्यावर. अख्ख्या जगाचे कॅमेरे त्या गावावर रोखलेले असताना मी तिथे पाय हलवत खजूर खात होतो, हे आज सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अबू सालेहनं आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. होडी चार दिवसांनी समुद्रात गेली होती आणि हामूर मिळाला होता, आपल्याकडचा गोब्रा. त्या संध्याकाळी खोलीवर थांबायचा नंबर माझा होता. आदल्या दिवशी घरून पत्र आलं होतं, आई अंथरुणाला खिळली आहे असं, आणि मी पुन्हा खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मॅथ्यूला म्हणाले, "आज इसको ले जाता हूँ। तू रुक जा, कल ये रुकेगा।" मॅथ्यू कपडे घालून तयार झालेला होता. त्यानं शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं उघडं केलं, पलंगावर बसला आणि म्हणाला, "ठीक है। मेरे लिए मछली लाना।" मी नको म्हणालो नाही. एकदाही म्हणालो नाही. चपला घालून निघालो.

जेवण झालं होतं, अबू सालेहच्या बायकोनं मॅथ्यूसाठी भात-मासळी रोटीत बांधून दिली होती आणि भोंगा वाजला. मग तो आवाज... आभाळ फाटल्यासारखा, आणि पाठोपाठ जवळच काहीतरी कोसळल्याचा दुसरा. इशारा संपल्यावर आम्ही निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. हवेत फोडलेल्या क्षेपणास्त्राचा जळता तुकडा आमच्या इमारतीच्या छतातून आत गेला होता. इमारतीत वीस-बावीस माणसं राहत होती. बाकीच्या कुणाला खरचटलंही नव्हतं. फक्त आमची खोली उरली नव्हती. इस्माईलभाई जिना चढून वर गेले, मला खालीच थांबवलं. ते खाली आले तेव्हा हातातलं रोटीचं बोचकं तसंच घट्ट धरलेलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

कफीलचा माणूस त्या संध्याकाळी आलाच नाही. चार दिवसांनी आला, दुसऱ्याच पत्त्यावर. तिघांचे पासपोर्ट घेऊन.

विमानं सुरू झाल्यावर आम्ही मुंबईला उतरलो. मी चिपळूणला आलो, इस्माईलभाई म्हणाले, "मी जरा मॅथ्यूच्या घरी जाऊन येतो." आल्यावर म्हणाले, "भेटून आलो. तू आता ते मनातून काढ." आणि मी काढलं, म्हणजे काढल्याचं दाखवलं. पुढची तीस-बत्तीस वर्षं आम्ही दर आठवड्याला बोललो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत नाचलो, पण ती संध्याकाळ आमच्यात कधीही निघाली नाही. दर फेब्रुवारीत ते आठवडाभर कुठे जायचे हे मला माहीत होतं. मी विचारत नसे. तू येतोस का, असं त्यांनीही कधी विचारलं नाही. मला ते बरं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी बसलो होतो. भाभी आतल्या खोलीत. अंगणात रिक्षा थांबली आणि एक चाळिशीकडे झुकलेला सावळा माणूस उतरला. नसरीन म्हणाली, "काका, हा बिजू. केरळहून आलाय." मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवायची मॅथ्यूचीच तऱ्हा. आम्ही दोघं ओटीवर बसलो. मोडक्या हिंदीत बोलणं सुरू झालं. मी कोण हे त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही ते दुसरे. अंकल सांगायचे, तुम्ही खूप आजारी होता त्या वेळी."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत गेलो. तो सोळा वर्षांचा झाला त्या वर्षी इस्माईलभाईंनी त्याला समोर बसवून सगळी हकिकत सांगितली होती. त्या संध्याकाळी खोलीवर थांबायचा नंबर आपला होता, असं सांगितलं होतं. "मला मासळी खायचा मोह झाला म्हणून तुझ्या वडिलांना बसवलं," असं. "मी सहा वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही," बिजू म्हणाला. "ते आले की मी मागच्या दारानं निघून जायचो. तरी ते यायचे. आईजवळ बसायचे, विहिरीचा पंप बघायचे, जायचे. एकदा मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही."

मी हातातला पेला खाली ठेवला. सहा वर्षं... त्या काळात मी दर रविवारी त्यांच्याशी फोनवर हसत होतो, मासळीचे भाव विचारत होतो. आणि ते माझ्या वाट्याचा राग दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून अंगावर घेत होते. मी म्हणालो, "बिजू, वो झूठ था।" त्याला वाटलं मी त्यांची बाजू सावरतोय. मी पुन्हा म्हणालो, "नंबर मेरा था। मेरा." नंबर, पत्र, आई, भिंत, चपला, सगळं सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

शिवी देईल, उठून जाईल, असं वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "अंकलनी असं का केलं?" त्यांनीच नंबर बदलला म्हणून स्वतःला दोषी धरलं असेल, किंवा मला तो राग पेलवणार नाही हे त्यांना ठाऊक असेल. मग तो म्हणाला, "माझी आई जिवंत आहे. तिला त्यांनी पहिल्याच भेटीत हेच सांगितलं होतं. रोज संध्याकाळी प्रार्थनेत शेवटी एक वाक्य म्हणते... इस्माईलला क्षमा कर. तीस वर्षं म्हणतेय. तिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं आहे. मॅथ्यूच्या बायकोला हिंदी येत नाही. म्हणून बिजूकडून फोनवर एक वाक्य मल्याळममध्ये शिकून घेतलं, देवनागरीत कागदावर उतरवलं. चारच शब्द आहेत, त्या संध्याकाळचा नंबर माझा होता एवढ्याच अर्थाचे. रोज सकाळी मागच्या पडवीत बसून मी ते मोठ्यानं म्हणतो. बायको आतून विचारते, काय चाललंय. शेवटच्या शब्दाशी जीभ अडखळते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.