सोवळ्यातलं घड्याळ

बाबा त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य करायचे. हृदयात स्टेंट बसला तरी सोवळं सुटलं नाही. मी त्यांना नाडी मोजणारं स्मार्टवॉच आणून दिलं. त्यातले आकडे त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर यायचे. पूजेला फोन न्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "घड्याळाला आंघोळ घालता येते. फोनला येते का?" असं म्हणून रोज स्वतःबरोबर घड्याळही धुऊन ते सोवळ्यात घेत. मीही हसलो. घड्याळ हातावर आहे ना, मग झालं! फोन जवळ नसला की घड्याळ मुकं होतं, एवढं साधं मला, कंप्युटरवर पोट भरणाऱ्या शहाण्याला, सुचलं नाही.

त्या दिवशी साडेनऊला सातपूरच्या ऑफिसात आईचा फोन आला. "अरे, सकाळी सातला पूजेला निघताना दोनदा पायरीवर टेकले रे. थांबा म्हटलं तर ऐकलं नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू येतोस का जरा?"

अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. मी ॲप उघडलं. चौऱ्याहत्तर. "आई, मला इथे सगळं दिसतंय. ठणठणीत आहेत. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." आकड्याखाली बारीक अक्षरात सकाळची पावणेसातची वेळ होती. ती वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत.

अकराच्या सुमारास बाबा पूजा सांगता सांगता आडवे झाले. नाशिकच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

नर्सने त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. शेजारी बाकावर आई बसली होती. घाईत तिने पिशवीत बाबांचा फोनही टाकून आणला होता. थोड्या वेळाने माझा खिसा थरथरायला लागला. मी फोन बाहेर काढला. वरातीमागून घोडं. सकाळपासूनचे आकडे एकामागून एक येत होते. आठला एकशे अठरा. नऊला एकशे चाळीस. साडेनऊला एकशे बावन्न.

आई माझ्या फोनकडे बघत होती. "मी तुला फोन केला तेव्हा कसं होतं रे त्यांचं?"

"बरं होतं. जे झालं ते नंतर झालं."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग मीच वेडी. चप्पल घालून निघालेच होते त्यांना परत आणायला. तू ठीक म्हणालास म्हणून मागे फिरले."