न जुळलेला ताळा

आमच्या घरात उत्तराखाली रेघ मारायची परवानगी ताळ्यानंतरच मिळायची. पप्पा मंठ्याजवळच्या शाळेत शिक्षक. गणित एकाने सोडवायचं, मग दुसऱ्याने न बघता सोडवायचं, आणि दोन्ही उत्तरं जुळली की रेघ. जुळली नाहीत तर कुणीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा ती मीच असायचे.

एमएस्सीला जालन्यात आले तेव्हा ही खोड सोबतच आली. स्टेशनजवळच्या खोलीत माझ्याच वर्गातली एक मैत्रीण होती, पिंपळगाव रेणुकाईची. तिलाही मी ताळ्याला लावलं. बीएड कर, नोकरी तरी लागेल, असं सगळं गाव सांगत असताना मी हट्टाने गणिताला आले होते. त्यामुळे चुकायची मला सोय नव्हती.

डायनॅमिकल सिस्टिम्स हा विषय नवा होता. एक आकडा घ्यायचा, त्याला एक नियम लावायचा, आलेल्या उत्तराला पुन्हा तोच नियम, आणि हे सगळं कुठे जातं ते बघायचं. सरांनी ०.३ पासून सुरुवात करायला सांगितली. आकडा एकातून वजा करा, उरेल त्याला त्याच आकड्याने गुणा, मग चौपट करा. असं पन्नास वेळा. सातवीतल्या पोरांनी करावं असं काम.

मैत्रिणीकडे भारीतलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर होतं, माझ्याकडे किराणा दुकानात असतं तसं मोठ्या बटणांचं. सुरुवातीला आमचा ताळा छान जुळला. मग शेवटचा आकडा हलला, मग मधले हलले, आणि पुढे तिचं उत्तर एकाच्या जवळ तर माझं शून्याच्या. मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच. एकदा चुकलं तर हात घसरला म्हणता येतं. दरवेळी तीच चूक होते म्हणजे माझ्या डोक्यातच खोट आहे, असं मी ठरवून टाकलं. तिच्या कॅल्क्युलेटरवर शंका घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी घरी गेले आणि पप्पांना सांगितलं, "मला जमून न्हाई राह्यलं. मी बीएडलाच जाते."

ते म्हणाले, "बरं. तुझ्यावर जोर न्हाई." त्यांनी एका शब्दानेही अडवलं नाही, याचा मला इतका राग आला की मी न जेवता झोपले.

सोमवारी वर्गात गेले ती फक्त सगळ्यांना सांगून निघायला. सरांनी प्रत्येकाला शेवटचं उत्तर वाचायला लावलं. एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. सर घरी पेढे आल्यासारखे खूश. म्हणाले, कॅल्क्युलेटर दर वेळी आकड्याची शेपटी, म्हणजे दशांशातले शेवटचे अंक, कापतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. तेवढासा फरक या नियमात वाढत वाढत सगळं उत्तर गिळतो. चूक कुणाचीच नाही, आणि खरं उत्तरही कुणाकडेच नाही.

वर्ग हसला. मी उभी राहिले. "सर, हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर पटलं असतं का?"

"मी घरी कोर्स सोडते म्हणून सांगून आलेय, सर."

सरांचा चेहरा उतरला. मी बसले.

संध्याकाळी पप्पांना फोन करून सगळं समजावलं.

"म्हंजे तुझं बराबर होतं?"

"न्हाई. कुणाचंच बराबर नव्हतं."

"अन् तू थांबणार तिथंच?"

"हो."

"बरं झालं." लगेच पुन्हा म्हणाले, "बरं झालं." त्यांनी मला अडवलं नव्हतं, पण ते आतून किती तुटले होते ते मला आता कळलं. मग त्यांनी विचारलं, "पर बाई, पुढं कधी असंच जुळलं न्हाई, अन् त्या टायमाला खरंच तुझंच चुकलेलं असलं, तर तुला कसं कळंल?"

"कळंल, पप्पा," मी म्हणाले.

ताळा न करता त्यांना दिलेलं हे माझं पहिलं उत्तर. तेव्हा भीती वाटली होती, अजूनही वाटते.