काळी चारची मिल

मी तोंडाची फटकळ आहे, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. हिमायतनगरहून लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "सूनबाई, जिभेला जरा हाड असू दे." ते काही आलं नाही. आता हे जे सांगतेय त्यात माझा राग घरच्यांवर जितका आहे तितकाच या जिभेवर आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लेकीला गाण्याच्या क्लासला मीच घातलं. खोटं कशाला बोलू, तिचा गळा बघून नाही घातलं. आमचे हे एका हायस्कुलात क्लार्क आहेत. दहावीच्या पोरांचे वाढीव मार्कांचे प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून बोर्डाला जातात. गाण्याच्या ठरावीक परीक्षा पास झाल्या की दहावीला वरचे मार्क मिळतात, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी पाचवीतल्या पोरीचा हात धरून निघाले. चित्रकलेचेही मिळतात, पण तिला साधा आंबा काढता येत नव्हता. मला तर सूर कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या आया हेच करून राहिल्या होत्या. "मार्क मिळाले की बंद करू," असं मीच यांना म्हणाले होते. ते वाक्य यांनी पाच वर्षं जपून ठेवलं.

गाण्याचे सर बिलोलीकडचे. शाळेतून रिटायर होऊन लातूरला मुलाकडे आलेले, पुढच्या खोलीत पेटी मांडून शिकवायचे. पहिली दोन वर्षं पोरगी घरी नुसती आ आ करायची. मी मशीनवर ब्लाउज शिवत असायचे आणि मशीनच्या आवाजात तिचं काही ऐकू यायचं नाही, ते एका परीनं बरंच होतं. आठवीत असताना एकदा मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला. माप द्यायला एक बाई आलेली होती, तीही माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "कोण हो गातंय?"

"कोणी नाही, आमचीच पोरगी," मी म्हणाले. कोणी नाही. असं म्हणाले मी.

त्या दिवसापासून मी सांजच्याला हाताची शिलाई काढून बसायला लागले. हुक लावायचे, काजं करायची, म्हणजे मशीन बंद. सरांनी यांच्या जुन्या फोनमध्ये तानपुरा टाकून दिला होता. पोरगी तो लावून ठेवायची आणि तासभर गायची. मला रागबिग अजून कळत नाहीत. पण ती गायला बसली की माझं दिवसभराचं डोकं शांत व्हायचं, आणि माझं डोकं शांत करणं म्हणजे खायचं काम नाही, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

दहावीचा निकाल लागला. वाढीव मार्क धरून पोरगी नव्वदीच्या पुढं गेली. यांनी पेढे आणले, शाल आणली, नारळ आणला, आणि आम्ही तिघं सरांकडे गेलो. मला वाटलं, बरं झालं, गुरूचा मान तरी करून राहिलेत. सरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पुढच्या परीक्षेचा फॉर्म काढून ठेवला होता. वर पोरीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलेलं. यांनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "सर, तुमचे लई उपकार झाले. आता तिला मेडिकलच्या क्लासला टाकलंय. गाणं आजपासून बंद."

सर शाल तशीच अंगावर घेऊन बसले. नारळाकडं बघत म्हणाले, "म्हणजे आज मी दुसऱ्यांदा रिटायर झालो म्हणा की." मग माझ्याकडं वळले. "ताई, बोर्डाला कागद गेला की पोरं यायची बंद होतात. मला सवय आहे त्याची. पण हिला आत्ताशी कुठं अक्षरओळख झालीय, वाचायला आता लागली असती. रविवारी एक तास पाठवा. फी नको मला."

एक तास. आठवड्यात एक. त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवाल्याशी अर्धा तास भांडणारी मी, तिथं गप बसले. कारण पोरीला डॉक्टर झालेलं मलाही बघायचं होतं. पोरगी फरशीकडं बघत होती. तिला ना यांनी विचारलं, ना मी. यांनी तो फॉर्म घडी करून सरांच्या पेटीवर ठेवला आणि आम्ही उठलो.

घरी आल्यावर मात्र मला कंठ फुटला. "रविवारी एक तास गेला तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

हे शांतपणे म्हणाले, "तूच म्हणली होतीस, मार्क मिळाले की बंद."

"म्हणले होते. तवा अक्कल नव्हती मला."

"आणि आता आली का? क्लासवाले म्हणतात, दोन वर्षं लग्नाला बी नेऊ नका पोरांना."

यांच्या शांतपणाचा मला जास्त राग येतो. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. यांनी नांदेडला थोरल्या भावाला फोन लावून माझ्या हातात दिला. भाऊजींचा मुलगा लातूरलाच क्लास करून डॉक्टर झालेला, त्यामुळं घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "गाणं काय पळून चाललंय का? एकदा मेडिकलला लागू दे, मग जन्मभर गाऊ दे की."

त्यांचा मुलगा बारक्यापणी तबला वाजवायचा. तो तबला आता त्यांच्या बैठकीत शोकेसवर आहे, त्याच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवलेली. मी विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडचा तबला आता कोण वाजवतं?"

"त्याला टाइम कुठं असतो आता," ते म्हणाले. वर हसले. मी फोन यांच्या हातात दिला आणि भाकरी थापायला गेले. त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या जळाल्या आणि मी मुद्दाम तशाच वाढल्या.

क्लास सुरू झाला. पोरांकडं साधा बटनांचा फोनच पाहिजे, असा तिथला नियम. यांनी जुना फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या फोनबरोबर तानपुराही कपाटात गेला, हे यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तरी काय, दोन दिवसांनी लक्षात आलं माझ्या.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून डाळमिल आहे. सकाळी सुरू होते ती अंधार पडेपर्यंत. अठरा वर्षं मी त्या मिलला शिव्या घातल्यात. वाळत घातलेल्या कपड्यांवर तुरीचं फोलपट येतं आणि दिवसभर तो एकसुरी घूं आवाज डोक्यात बसतो. श्रावणातली गोष्ट. सांजच्याला मी हुक लावत बसले होते आणि मागच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. अगदी दबक्या आवाजात, पण गाणंच. मला वाटलं हिनं कपाट उघडलं. जाऊन बघते तर मांडीवर फिजिक्सचं पुस्तक, डोळे मिटलेले, आणि मिलच्या बाजूची खिडकी सताड उघडी.

"तानपुरा कुठून आणलास?"

"मिल हाय ना, मम्मी," ती म्हणाली. "मिल काळी चारला लागती." पेटीवरची चौथी काळी पट्टी, तोच तिचा सूर होता. "माल जास्त टाकला की जराशी उतरती. मग मी बी उतरते." आणि हसली. क्लास लागल्यापासून ती पहिल्यांदा हसलेली मी बघितली. मग म्हणाली, "पप्पाला सांगू नको."

"हाव," मी म्हणाले. "मी कशाला सांगते."

चार महिने असं चाललं. क्लासहून यायची, चहा प्यायची, पाव तास गायची आणि पुस्तक उघडायची. मी मशीन बंद करून बसायचे. हे शाळेतून येईपर्यंत खिडकी लागलेली असायची. मिलला शिव्या घालायचं मी सोडून दिलं होतं.

डिसेंबरात क्लासच्या टेस्टमध्ये तिचे मार्क घसरले. लई नाही, पण यांनी ते कागद घेऊन दारातूनच सुरुवात केली. "गाणं बंद केलं ते बरं झालं, न्हाई तर अजून खाली गेली असती." एवढं ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी तिथंच उभी होती. मी म्हणाले, "बंद कुठं केलंय? तुमच्या फोनवाचून काही अडलं नाही तिचं. रोज मिलच्या आवाजावर गाते ती. चार महिने गाऊन राहिली, तुम्हाला पत्ता तरी आहे का?"

जिंकल्यासारखं वाटलं मला. एक क्षणभरच. पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी यांनी तिला अभ्यासिकेत जागा घेऊन दिली. लातुरात गल्लोगल्ली आहेत त्या, लाकडी खोपटं करून पोरं ओळीनं बसवतात, खोकायचीही चोरी. क्लास सुटला की तिथं जायचं आणि जेवायलाच घरी यायचं. घरी यायची तेव्हा मिल बंद झालेली असायची. मी यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. पण यांना कशाला दोष देऊ? त्या खिडकीची बातमी यांना कोणी दिली? मीच दिली. पोरीनं एक गोष्ट माझ्यापाशी ठेवायला दिली होती, तीही मला ठेवता आली नाही.

मार्चमध्ये एका लग्नाला नांदेडला गेले. तिथल्या वाद्यांच्या दुकानातून मी डबीतला तानपुरा घेतला, विजेवर चालणारा. दुकानदाराकडून काळी चारला लावून घेतला. घरी येऊन डबी यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "हा मी आणलाय. ती गाणार. दर रविवारी सरांकडे मी स्वतः नेणार. आडवं आलात तर याद राखा."

यांनी डबी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "एवढं मनात आहे तर ने की. मी कुठं नको म्हणतोय."

इतकं सोपं होतं ते. सरांकडे, त्या शालीपुढं, एवढंच बोलायचं होतं. मला यांच्या अंगावर ती डबी फेकून मारावीशी वाटली, आणि खरं तर स्वतःच्या कपाळावर.

रविवारी अभ्यासिका बंद होती म्हणून पोरगी घरी होती. तुरीचा सीझन, मिल रविवारीही चालू. मी मागच्या खोलीत जाऊन डबी तिच्या टेबलावर ठेवली आणि बटन दाबलं. तानपुरा वाजायला लागला. बाहेरची मिल आणि तो, दोघं एकाच सुरात होते, तेवढं आता मलाही कळत होतं. ती पेन हातात धरून थोडा वेळ ऐकत राहिली. मग हात पुढं करून तिनं तो बंद केला.

"चांगला आहे, मम्मी. पण आता नको."

"पप्पा हो म्हणलेत. सरांकडे बी जायचंय आपल्याला. पाच मिनिटं तरी गा."

"नको म्हणलं ना. उद्या टेस्ट आहे." चिडली नव्हती ती. अगदी यांच्यासारखी शांतपणे बोलली. डबी तिनं पुस्तकांच्या मागं सरकवली, पान उलटलं, आणि मी दारापर्यंत गेले तेव्हा मान वर न करता म्हणाली, "आणि जाताना ती खिडकी लावून घे. मिलचा लई आवाज येऊन राहिला."

मी मागं आले, खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली.