कलावतीची आठवी

धम्मदीनाच्या जिवाला त्या महिन्यात स्वस्थता म्हणून नव्हती. बसली की उठावंसं वाटायचं, उठली की पुस्तक उघडं टाकून आल्याची टोचणी लागायची. जालन्याहून नर्सिंगची पदवी घेऊन ती न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आली त्याला सहा वर्षं झाली, पण इथल्या नोंदणीवाचून त्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. सहा वर्षं ती वृद्धाश्रमात केअरगिव्हर होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, त्यांचे डायपर बदलायचे, गोळी द्यायची वेळ आली की बाजूला व्हायचं. प्रात्यक्षिक परीक्षेत ती एकदा नापास झालेली होती. आता क्राइस्टचर्चच्या परीक्षा केंद्राची दुसरी तारीख हातात होती आणि या खेपेला नापास होणं तिला परवडणार नव्हतं.

म्हणून तिने बिनपगारी रजा टाकली आणि थोरल्या बहिणीला, कलावतीला, तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. नवरा लहू गावाबाहेरच्या 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनियर, त्याच्या पाळ्यांचा काही नेम नाही. मुलगा मैत्रेय चार वर्षांचा. कलावती सत्तेचाळीसची, नवरा गेलेला, दोन्ही पोरं मार्गी लागलेली. तिने आल्या दिवशीच पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

दर शनिवारी सकाळी मारिसेल यायची. वृद्धाश्रमातली नर्स, फिलिपिन्समधल्या मालोलोसची, पन्नाशीला टेकलेली. ही परीक्षा तिने पहिल्या फटक्यात काढली होती. फोनवर घड्याळ लावून ती धम्मदीनाकडून एकेक कृती घोटून घ्यायची. हात धुतले का, पेशंटला नाव विचारलं का, आपलं नाव सांगितलं का. चहाच्या वेळी मात्र ती परीक्षक राहायची नाही, गोष्टी सांगायची. स्पॅनिश अमलात तिच्या पणजीच्या आईला जपमाळ, शिवणकाम आणि प्रार्थनेपुरतं वाचन एवढंच शिकवलं होतं. लिहायला शिकवलं तर पोरी चिठ्ठ्या लिहून पळून जातील, अशी भीती. मग त्यांच्याच गावच्या वीस तरुणींनी थेट गव्हर्नर-जनरलकडे अर्ज दिला, आम्हाला स्पॅनिश शिकायला शाळा द्या म्हणून. पाद्र्याने मोडता घातला, पण पोरी हटल्या नाहीत, शाळा मिळवलीच. पुढे अमेरिकन आले, त्यांनी गावोगावी शाळा काढल्या, आणि आज तिथल्या कॉलेजात मुलग्यांपेक्षा मुलीच जास्त.

हे सांगून ती हसली आणि म्हणाली की थोरल्या मुलीची सुटका मात्र कुठल्याच राज्यात झाली नाही. त्यांच्याकडे थोरलीला 'आते' म्हणतात. आतेने आधी शिकायचं, मग पाठच्यांना एकेक करून शिकवायचं. मारिसेलला इतिहासाची शिक्षिका व्हायचं होतं. घरच्यांनी नर्सिंगला घातलं, कारण नर्सला परदेशात मागणी. चार भावंडं तिने पदवीधर केली. आता दुपारपाळी करते आणि सकाळी चर्चच्या हॉलमध्ये नव्याने आलेल्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवते, तेवढीच तिची हौस.

धम्मदीनालाही मग चेव आला. आमच्या घरात पूर्वीपासून मुलींना शिकवतात, तिने सांगितलं. देव मानत नाही आम्ही, पण 'शिका' हा शब्द वडिलांनी, आमच्या दादांनी, बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतला होता. मारिसेलने पोळ्या लाटणाऱ्या कलावतीकडे पाहिलं आणि सहज विचारलं, मग तुझी आते काय शिकली?

"शी वॉज नॉट इंटरेस्टेड," धम्मदीना म्हणाली.

तिने हे ठरवून सांगितलं नव्हतं. लहानपणापासून घरात हेच ऐकलं होतं, ते तोंडातून गेलं. काय विचारते ती, असं कलावतीने विचारलं तेव्हा काही नाही म्हणून तिने वेळ मारून नेली.

पुढच्या सरावाला पेशंट हवा होता. मारिसेलने कलावतीला सोफ्यावर झोपवलं आणि सांगितलं, मराठीत विचार, मी हात आणि क्रम बघते. घड्याळ सुरू झालं. धम्मदीनाने हात धुतले, नाव सांगितलं, कुठं दुखतंय ते विचारलं. कलावती छताकडे बघत बोलायला लागली.

"मला आवड नव्हती, असं सांगितलंस ना तिला? एवढं इंग्रजी मला कळतं, दिना. सातवीत मी वर्गात दुसरी आले होते. आई कापसाच्या जिनिंगवर कामाला जायची, तू पाळण्यात. दादा म्हणाले, वर्षभर थांब, हिला चालता येऊ दे. मी थांबले. तू चाललीस, पळालीस, इथवर आलीस. मला मात्र 'जा आता' असं कुणी म्हणालंच नाही."

धम्मदीनाच्या हातात बीपीचा पट्टा तसाच राहिला. घड्याळ वाजलं. मारिसेलला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, तिने फक्त कागदावर फुली मारली. पेशंट एवढं बोलली आणि नर्सने उत्तरादाखल एक शब्द काढला नाही, परीक्षेत याला नापास करतात, असं तिने सांगितलं.

संध्याकाळी लहूला सगळं कळलं. तो भला माणूस. एकदा हिची परीक्षा होऊ दे, मग ताईंना त्या चर्चच्या वर्गात घालू, म्हणाला. कलावती ताटं मांडत होती. "मग?" त्याचाच शब्द उचलून ती एवढंच म्हणाली आणि वाढायला लागली.

सोमवारी परीक्षेला नऊ दिवस उरले होते. लहू कामावर गेलेला. धम्मदीना दार लावून वाचत होती, डोक्यात काही शिरत नव्हतं. अकराला मैत्रेय आत आला. "मम, आय'म हंग्री. मावशी वेंट टू स्कूल विथ मारिसेल."

स्वयंपाकघरात ओटा कोरडा होता. काल ताईने मारिसेलचा नंबर मागून घेतला होता, तो कशासाठी ते धम्मदीनाला आता कळलं. धम्मदीनाला राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला, लाज नंतर वाटली. नऊ दिवस राहिलेत, हिला आजच सुचलं का, असं ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की चौतीस वर्षांपूर्वी घरातलं कुणीतरी नेमकं असंच म्हणालं असणार, तेही चांगल्या कारणासाठी, पाळण्यातल्या पोरीच्या भल्यासाठी. ती पोर आपणच होतो. तिला उभं राहवेना आणि बसवेना. शेवटी तिने फोन लावला. बहिणीला परत बोलवायला की आणखी कशाला, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"बोल," कलावती म्हणाली. मागे बायकांचे आवाज होते.

"किती वाजेपर्यंत असतो वर्ग?"

"एक."

"रोज?"

"रोज."

धम्मदीनाने तांदळाचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "भात मी लावते, ताई. रोज लावीन. पण माझं वाचायचं कसं व्हायचं गं?"

"पातेल्याशेजारी पुस्तक घेऊन बस," कलावती म्हणाली. "भात शिजेस्तोवर दोन पानं होतात. तुझी सगळी पुस्तकं मी तशीच वाचली, आधी माहेरी, मग सासरी, पहिलीपासून दहावीपर्यंत."